एसेंडनचा ऑफ-सीझन : दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न आणि एका बॉम्बर्सवाल्याची उत्तरं

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुककडे मराठी घरं वाढली तसे फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, लीगचं नाव एएफएल) बघणारे मराठी लोकही वाढले. सीझन चालू असताना सगळ्यांना सगळं कळतं, स्कोअर समोर असतो, शिव्या कोणाला घालायच्या ते माहीत असतं. सप्टेंबर संपला की मात्र पिक, बिड, मॅचिंग, कॉम्पेन्सेशन असले शब्द सुरू होतात आणि माणूस गांगरतो. खालचं सगळं २०२५ चा सीझन संपल्यानंतरच्या परिस्थितीला धरून आहे. मी एसेंडन क्लबचा (टोपणनाव बॉम्बर्स) आहे, तेव्हा निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका.

आधी हे सांगा, आपली अवस्था नेमकी किती वाईट आहे?

२०२५ ला १५ वे आलो, सगळ्या सीझनमध्ये ६ मॅच जिंकल्या. पण खरं दुखणं त्याच्या खूप आधीचं आहे. आपण फायनल्सची (सीझननंतर सप्टेंबरमध्ये वरच्या टीममध्ये होतात त्या मॅच) शेवटची मॅच जिंकलो ती सप्टेंबर २००४ मध्ये, मेलबर्नविरुद्ध, ५ पॉइंटने. त्यानंतर २००९, २०११, २०१४, २०१७, २०१९ आणि २०२१ ला फायनल्सपर्यंत पोचलो आणि सहाही वेळा पहिल्याच मॅचला घरी आलो, बहुतेकदा सणसणीत मार खाऊन (२००९ ला ॲडलेडने ९६ ने हरवलं होतं, ती मॅच ज्यांनी बघितलीये त्यांच्याशी त्या विषयावर बोलू नये). शेवटचा फ्लॅग (म्हणजे चॅम्पियनशिप) २००० चा, आणि त्या वर्षी आपण अख्ख्या सीझनमध्ये फक्त एक मॅच हरलो होतो, हे जुने लोक अजून ऐकवतात. एकूण १६ फ्लॅग, कार्लटन आणि कॉलिंगवूडच्या बरोबरीने सगळ्यात जास्त. म्हणजे मोठं घराणं आहे, फक्त सध्या छप्पर गळतंय.

ऑफ-सीझनला काय काय होतं आणि कधी?

क्रम असा. आपल्यासारख्यांचा सीझन ऑगस्टमध्येच संपतो. मग क्लब काही खेळाडूंना डीलिस्ट करतो, म्हणजे लिस्टमधून काढतो, काही रिटायर होतात. ग्रँड फायनल झाली की ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्री एजन्सी उघडते, तिच्या मागोमाग ट्रेड पिरियड, साधारण दहा दिवसांचा, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी डेडलाइन, सगळी मोठी नाटकं त्या शेवटच्या दोन तासांत. नोव्हेंबरमध्ये नॅशनल ड्राफ्ट, म्हणजे १८ वर्षांच्या पोरांची निवड, त्यानंतर रुकी ड्राफ्ट, म्हणजे उरलेल्यांमधून निवड. आणि तोपर्यंत टुलामरीनला हँगरवर, म्हणजे आपल्या ट्रेनिंग सेंटरवर, प्री-सीझन ट्रेनिंग सुरू पण झालेलं असतं.

हे आयपीएलच्या ऑक्शनसारखंच ना?

नाही, आणि हाच गोंधळ आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त होतो. इथे बोली नाही. एका क्लबने दुसऱ्या क्लबला खेळाडूसाठी पैसे द्यायचे, असा प्रकारच नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टचे पिक (पोरं निवडायचे नंबर), बस. पगारावर सगळ्या १८ क्लबांना सारखीच कॅप आहे, त्यामुळे श्रीमंत क्लबने दहा स्टार विकत घेतले असं होत नाही (आपले ८० हजारांच्या पुढे मेंबर आहेत, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही). आणि कॉन्ट्रॅक्टमधल्या खेळाडूला त्याच्या मर्जीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. म्हणजे तीन पार्ट्यांचं जमलं पाहिजे, पाठवणारा क्लब, घेणारा क्लब आणि स्वतः खेळाडू. म्हणून पेपरात आलेल्या दहा ट्रेडपैकी फार थोडे खरे होतात.

हं, एक गोष्ट मात्र उधारीची आहे. पुढच्या वर्षीचे पिक आत्ता वापरता येतात, आणि २०२५ पासून तर दोन वर्षं पुढचे पण. म्हणजे आजच्या लिस्ट मॅनेजरने (कोणाला घ्यायचं, सोडायचं ते ठरवणारा) उडवायचं आणि उद्याच्याने फेडायचं.

फ्री एजन्सी म्हणजे खेळाडू फुकटात जातो का?

नवीन क्लबला फुकटात पडतो, जुन्याला एएफएल कॉम्पेन्सेशनचा पिक देतं. हा प्रकार २०१२ ला सुरू झाला. आठ वर्षं एका क्लबकडे काढली आणि खेळाडू क्लबच्या सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्या पाव भागात असेल तर तो रिस्ट्रिक्टेड, म्हणजे जुना क्लब ऑफर मॅच करू शकतो, तेवढीच ऑफर देऊन. दहा वर्षं झाली की मोकळा. कॉम्पेन्सेशन किती मिळणार ते नवीन कॉन्ट्रॅक्ट किती मोठं, खेळाडूचं वय काय, यावर ठरतं. २०२३ च्या शेवटी आपण नॉर्थ मेलबर्नकडून बेन मॅके घेतला, तर त्याबद्दल नॉर्थला थेट ३ नंबरचा पिक मिळाला आणि सगळ्या लीगने डोळे विस्फारले. चांगला डिफेंडर आहे तो, मान्य, पण त्या सौद्यात जास्त खूश कोण झालं ते सांगायची गरज नाही.

२०२५ ला उलटं झालं, आपला रकमन (उडी मारून बॉल मिळवणारा उंच खेळाडू) सॅम ड्रेपर फ्री एजंट म्हणून ब्रिस्बेनला गेला. ज्या ब्रिस्बेनने लागोपाठ २०२४ आणि २०२५ चे फ्लॅग जिंकलेत त्याच ब्रिस्बेनला. भरल्या ताटात अजून वाढा.

झॅक मेरेटचं नेमकं काय झालं?

आपला तेव्हाचा कॅप्टन, क्रायटन मेडल म्हणजे क्लबचा बेस्ट अँड फेअरेस्ट कित्येकदा जिंकलेला, २०२७ पर्यंत कॉन्ट्रॅक्टमध्ये असलेला. तो म्हणाला मला हॉथॉर्नला जायचंय. क्लब म्हणाला नाही. पूर्ण ट्रेड पिरियडभर हॉथॉर्न ऑफर देत राहिलं, आपण नको म्हणत राहिलो, आणि डेडलाइन संपली तेव्हा मेरेट एसेंडनचाच होता.

क्लब बरोबर की चूक? माझं मत विचाराल तर त्या किमतीत न सोडणं बरोबरच होतं, कॉन्ट्रॅक्टची दोन वर्षं बाकी असलेला असा मिडफिल्डर लीगमध्ये सहज कोणी देत नाही. पण यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी २०१९ आठवावं. तेव्हा जो डॅनिहरला सिडनीला जायचं होतं, त्याचंही कॉन्ट्रॅक्ट बाकी होतं, तेव्हाही आपण नाही म्हणालो आणि क्लब कणखर झाला म्हणून सगळे खूश झाले. एक वर्षाने तो फ्री एजंट म्हणून ब्रिस्बेनला गेला, आपण ऑफर मॅच न करता ७ नंबरचा पिक घेतला, आणि डॅनिहर २०२४ चा फ्लॅग जिंकून रिटायर झाला. ज्याचे वडील, काका सगळे एसेंडनला खेळले, जो फादर-सन (हा नियम खाली आहे) म्हणून आपल्याकडे आला, तो. ऑक्टोबरमध्ये दार लावून घेता येतं हो, पण माणसाला घरात राहावंसं का वाटत नाही हे ऑक्टोबरमध्ये कोणी विचारत नाही.

आपल्याकडे ५ आणि ६ नंबरचे पिक होते, मग ड्राफ्टला ९ आणि १० कसे झाले? कोणी चोरले?

कोणी नाही चोरले. ५ वा आपला स्वतःचा होता आणि ६ वा मेलबर्नचा, जो आपण आधीच्या वर्षी त्यांच्याकडून घेऊन ठेवला होता, मेलबर्नचा सीझन वाईट जाईल हा अंदाज खरा ठरला (लिस्टवाल्यांना शिव्या देताना हे पण लक्षात ठेवा). आता ड्राफ्टमध्ये काही पोरं आधीच कुठल्यातरी क्लबशी बांधलेली असतात. वडील त्या क्लबकडून १०० मॅच खेळले असतील तर फादर-सन, किंवा क्लबच्या ॲकॅडमीतली. अशा पोरावर दुसऱ्या क्लबने बिड लावली की (पैशांची नव्हे, पिक वापरून केलेली मागणी) त्याचा क्लब आपले मागचे पिक पॉइंटच्या हिशोबात मोडून ती मॅच करतो, आणि मागचे सगळे एक नंबर खाली सरकतात. आपल्या आधी गोल्ड कोस्टने दोनदा, कार्लटनने एकदा आणि ब्रिस्बेनने एकदा मॅच केलं. चार. पाचाचे नऊ झाले.

या मॅचिंगवर आधी २० टक्के डिस्काउंट मिळायचा, २०२५ पासून १० टक्के केलाय. तरी गोल्ड कोस्ट आणि ब्रिस्बेनच्या ॲकॅडम्या इतका माल काढतायत की डिस्काउंट शून्य केला तरी ते हसत हसत मॅच करतील.

मग घेतलं कोणाला?

९ वर सलिव्हन रोबी, १० वर जेकब फॅरो, १३ वर डायसन शार्प. एक व्हिक्टोरियाचा, एक वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा, एक साउथ ऑस्ट्रेलियाचा. कसे निघतील ते आज कोणालाच माहीत नाही, जो छातीठोक सांगतो त्याचं मागच्या पाच ड्राफ्टचं भाकीत विचारा.

दुसऱ्या स्टेटमधली पोरं घेतली की एक वेगळी जबाबदारी येते. अठराव्या वर्षी पर्थहून तीन हजार किलोमीटरवर येऊन राहायचं, पहिले दोन सीझन धड सिनियर टीममध्ये जागा नाही, आणि तिकडे घरचा क्लब फोन करतोय. घर सोडून राहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फॅरो आणि शार्प पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर सही करतात का, यावर मी २०२५ च्या ड्राफ्टचे मार्क देणार.

एखादं मोठं नाव का आणत नाही? पैसे आहेत ना कॅपमध्ये?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला त्याचा थोडा राग येतो, कारण आपण हेच तर केलंय. २०१७ च्या शेवटी एकाच ट्रेड पिरियडमध्ये स्ट्रिंगर, साद आणि डेव्हन स्मिथ असे तिघे आणले, सगळीकडे एसेंडन ट्रेड पिरियड जिंकलं अशा हेडलाइन. पुढच्या वर्षी जीडब्ल्यूएसकडून (सिडनीचा दुसरा क्लब) डिलन शील आणला, त्याच्यासाठी ९ नंबरचा पिक आणि वर पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा दिला. २०२३ ला परत मॅके, ग्रेशम, गोल्डस्टीन, ड्युर्समा असे चौघं एका दमात.

यातलं कोणी वाईट नव्हतं. डेव्हन स्मिथने पहिल्याच वर्षी क्रायटन मेडल जिंकलं, साद बघायला मजा यायची, स्ट्रिंगर चांगल्या दिवशी एकटा मॅच फिरवायचा. पण हिशोब मांडा. स्मिथ २०२२ ला थांबला, साद तीन वर्षांत कार्लटनला, स्ट्रिंगर २०२४ च्या शेवटी जीडब्ल्यूएसला. एवढ्या सगळ्यातून फायनल्समध्ये एकही विजय नाही. २५-२६ वर्षांचा तयार खेळाडू आणायचा तो शेवटचे एक-दोन खड्डे भरायला. आपल्याकडे पायाच खोदायचा बाकी होता आणि आपण वरच्या मजल्याला ग्रिल बसवत होतो.

तेव्हा २०२५ ला मोठं नाव आलं नाही याचं मला तरी वाईट वाटलेलं नाही. झाली थोडी अक्कल असं म्हणू.

म्हणजे ड्राफ्टची पोरं हाच उपाय?

उपाय तोच, पण नुसते वरचे पिक घेतले की काम झालं असं पण नाही. २०२० चा ड्राफ्ट बघा. आपला स्वतःचा पिक, डॅनिहरचा, सादच्या बदल्यातला, असे तीन लागोपाठ. ८, ९, १० वर कॉक्स, पर्किन्स आणि रीड. तेव्हा वाटलं पुढची दहा वर्षं मिटली. मग रीडच्या दुखापती संपेनात, एक बरी झाली की दुसरी. कॉक्सच्या डोक्याला मार बसला आणि कंकशनने त्याची वाट अडवली. पर्किन्स खेळतो, कधी झकास खेळतो, पण दहापैकी किती आठवडे ते विचारू नका. त्याआधी २०१५ ला ५ आणि ६ वर पॅरिश आणि फ्रान्सिस घेतले, पॅरिश टिकला, फ्रान्सिस सिडनीला गेला. २०१६ ला नंबर १ वर मॅग्रा.

म्हणजे पिकची कमतरता कधी नव्हतीच. पोरगं आल्यापासून चार-पाच वर्षं त्याचं शरीर, त्याची फिटनेस, त्याला कुठल्या जागी खेळवायचं, कोण त्याच्यासोबत बसून टेप बघणार, हे बाकीचे क्लब करतात तसं आपल्याकडे झालं नाही. आणि मध्येच कोच बदलला की पोराला परत नव्याने सगळं. दुखापतींचं काही अंशी नशीब असतं, मान्य, पण २०२५ ला इतके जखमी झाले की दर आठवड्याला कोणीतरी नवीन पोरगं डेब्यू करत होतं. प्रत्येक वर्षी आपलंच नशीब कसं काय खराब? फिटनेस आणि मेडिकलमध्ये कोणाला आणतात ही ऑफ-सीझनची बातमी मी ट्रेडच्या बातमीपेक्षा आधी वाचतो. कोणीच तिच्यावर चर्चा करत नाही, कारण तिचा हायलाइट व्हिडिओ नसतो.

चांगलं काहीच नाही का?

आहे की. नेट कॅडी, २०२३ चा १० वा पिक, फॉरवर्ड, त्याने उडी मारली की स्टेडियम आधीच ओरडायला लागतं. आयझॅक काको, इराकी मुळाच्या घरातला छोटा फॉरवर्ड, आपल्याच नेक्स्ट जनरेशन ॲकॅडमीतून आलेला. आर्ची रॉबर्ट्स ५४ व्या पिकला मिळाला, म्हणजे जवळजवळ तळाला. निक मार्टिनचं तर अजून भारी, ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, २०२२ च्या सीझनआधी रिकाम्या जागेवर ट्रेनिंग करून लिस्टमध्ये आला आणि पहिल्याच मॅचला जिलाँगविरुद्ध ५ गोल मारले. २०२५ ला त्याचा एसीएल (गुडघ्याचा लिगामेंट) गेला, म्हणून २०२६ च्या सुरुवातीला त्याच्याकडून काही धरू नका. ड्रेपर पण रुकी ड्राफ्टचाच. शोधायची नजर आपल्याकडे आहे. टिकवायचं जमत नाही.

माझा मुलगा ऑसकिकला (लहान मुलांची फूटी) जातो, आपल्या मुलांना त्या ॲकॅडमीत जाता येतं का?

हो, येऊ शकतं. आई-वडिलांपैकी कोणी आशिया किंवा आफ्रिकेत जन्मलेलं असेल, तर मुलगा नेक्स्ट जनरेशन ॲकॅडमीसाठी बसतो, पण कुठल्या क्लबच्या ते तुमच्या पत्त्यावर ठरतं, प्रत्येक क्लबला भाग वाटून दिलेत. म्हणजे तुम्ही बॉम्बर्सवाले आणि मुलगा दुसऱ्याच क्लबच्या ॲकॅडमीत, असं होऊ शकतं. घरात काय ते बघून घ्या.

अजून त्या २०१३ च्या सप्लिमेंट (खेळाडूंना दिलेल्या औषधांच्या) प्रकरणाचं कारण देणार का?

दहा वर्षं झाली, आता ते कारण चालणार नाही, पण नवीन लोकांना माहीत असावं. २०१३ ला क्लबला २० लाख डॉलर दंड, फायनल्समधून बाहेर काढलं, ड्राफ्टचे पिक गेले. मग जानेवारी २०१६ मध्ये ३४ खेळाडूंवर वर्षभराची बंदी आली, इकडून तिकडून माणसं गोळा करून टीम उभी केली आणि शेवटचे आलो. जोब वॉटसनचं २०१२ चं ब्राउनलो (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) पण गेलं. खरं नुकसान त्यानंतरच्या घाईने केलं असं मला वाटतं. लोकांना लवकर खूश करायचं, लवकर फायनल्समध्ये जायचं, म्हणून वर सांगितलेली सगळी खरेदी.

कोच ब्रॅड स्कॉटला काढायला पाहिजे का?

२०२३ ला आला. पहिली दोन्ही वर्षं ११ वे, मग १५ वे. आकडे बघून कोणालाही वाटेल काढा. त्याच्या जुळ्या भावाने, ख्रिसने, जिलाँगला दोन फ्लॅग मिळवून दिलेत ही तुलना पण दर आठवड्याला होते, बिचारा. पण वरचं वाचलंत तर लक्षात येईल, कोच बदलायचा प्रयोग आपण करून बसलोय. २०२२ ला आधीच्या कोचला, रटनला, काढताना कोच म्हणून क्लार्कसनच्या मागे धावलो, तो नॉर्थला गेला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये नवीन सीईओ एका दिवसात राजीनामा देऊन गेला. असला ऑफ-सीझन परत नको. २०२६ ला पोरं सुधारताना दिसली नाहीत तर मग बोलू.

२०२६ पासून वाइल्डकार्ड आहे म्हणे, मग आपला चान्स?

हो, ७ ते १० नंबरच्या टीम एक जादा मॅच खेळणार. म्हणजे दहावा नंबर आला तरी सप्टेंबर बघायला मिळेल. आपण २०२३ आणि २०२४ ला कितवे आलो होतो ते वर लिहिलंय. नियम बदलून पण एका नंबरने हुकलो असतो, याला म्हणतात एसेंडन.

टास्मानियाचा काय संबंध?

२०२८ ला टास्मानिया डेव्हिल्स १९ वा क्लब म्हणून येतोय, आणि नव्या टीमला उभं करायला ड्राफ्टमधले चांगले पिक त्यांच्याकडे जाणार. म्हणजे जे काही गोळा करायचं ते २०२५ आणि २०२६ च्या ड्राफ्टमध्ये. सगळे क्लब आत्ता पिकसाठी का भांडतायत त्याचं मोठं कारण हेच.

नवरा पूर्ण ऑक्टोबर फोनला चिकटून असतो, दर पाच मिनिटांनी रिफ्रेश. हे नॉर्मल आहे का?

आहे. डेडलाइनच्या संध्याकाळी त्याला भाजी आणायला पाठवू नका, भलतंच काहीतरी घेऊन येईल. दिवाळी बऱ्याचदा त्याच सुमारास येते, तेव्हा फराळाची कामं आधी उरकून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा?

प्रत्येक खेळाडू 'करियरमधल्या सगळ्यात चांगल्या शेपमध्ये' असतो, प्रत्येक टाइम ट्रायलमध्ये कोणीतरी पर्सनल बेस्ट मारतो. फोटोतले दंड बघू नका. ट्रेनिंगला कोण नाहीये ते बघा, कोण कडेला एकटाच पळतोय, कोणाचं 'मॉडिफाइड प्रोग्रॅम' चालू आहे. जानेवारीच्या शेवटी जे फुल ट्रेनिंग करतायत तीच आपली मार्चची टीम. हँगरवर कधी कधी लोकांना ट्रेनिंग बघायला सोडतात, क्लब तारखा जाहीर करतो, टोपी आणि पाणी घेऊन जा.

मुलासाठी गर्न्सी (फूटीची जर्सी) घ्यायचीये, पाठीवर कोणाचा नंबर टाकू?

कॅडीचा टाका. कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं आहे तेवढं दुकानात जायच्या आधी बघून घ्या.